माझाच जुना सायलेन्सर मला नवा म्हणून विकला: ३०,३०० रुपयांचा धडा

माझ्या २०१७ च्या बीएस-४ (तेव्हाचा प्रदूषणाचा निकष) डिझेल पिकअपचा सायलेन्सर, म्हणजे पुढच्या फ्लेक्झिबलपासून (लवचिक जोडपाइपापासून) मागच्या टेलपाइपपर्यंत सगळी लाइन, बदलायचे मी ३०,३०० रुपये मोजले. त्या पैशांत माझाच मफलर, म्हणजे आवाज दाबणारा भाग, चंदेरी रंग मारून परत मिळाला आणि कन्व्हर्टरचा, म्हणजे विषारी वायू कमी करणाऱ्या भागाचा, रिकामा डबा मिळाला. खरोखर नवं काय, तर टेलपाइप आणि लटकवायची चार रबरं.

गुलाबी कच्च्या पावतीवरचे आकडे असे: मफलर ७,८००, फ्लेक्झिबल २,४००, टेलपाइप १,९००, कन्व्हर्टर ९,५००, गॅस्केट-क्लॅम्प-रबरं १,१५०, मजुरी ३,०००. झाले २५,७५०. वर १८ टक्के ‘जीएसटी’ ४,६३५. एकूण ३०,३८५, त्यातले ८५ ‘आपला माणूस’ म्हणून सोडले. जीएसटी लावला, पण पावतीवर नंबर नाही, आणि यूपीआयचे पैसे गेले मिस्त्रीच्या भाच्याच्या खात्यात. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, गोव्यातला ३० ने सुरू होतो, आणि ज्याच्याकडे नंबर नाही त्याला कर घेता येत नाही. हे मला माहीत होतं. माहीत असून दिले.

कारण तारीख. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, १ ऑगस्टपासून जेटीवर गाडी उभी करावीच लागते. आणि गाडीची हेळसांड मी केलेली नाही. मासळीच्या क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी फळ्यांतून थेट पाइपवर ठिबकतं, वर समुद्राची हवा. आतूनही सडतं ते वेगळंच: जेटी ते मार्केट अशा आखूड फेऱ्यांत मफलर पुरता तापत नाही, धुराबरोबर आलेलं पाणी आत साचतं आणि पत्रा आतून पोखरतो. मफलरच्या तळाला बारीक भोक असतं ते याच पाण्यासाठी. गळती समजून वेल्डरकडून ते बुजवून घेऊ नका.

आता ज्या क्षणी डोळे उघडायला हवे होते तो क्षण. रायबंदरहून चोडणला जाताना, ओहोटीच्या वेळी, फेरीबोटीच्या फळीवर मफलर घासला होता. डाव्या अंगाला, शिवणीच्या दोन बोटं वर, आंब्याच्या कोयीएवढा पोचा. काम झाल्यावर गाडी अजून रॅम्पवर होती, मी खाली वाकलो, तर ‘नव्या’ मफलरवर तोच पोचा, त्याच जागी, त्याच आकाराचा, चंदेरी रंगाखाली चकाकत होता. मी बोटाने चाचपलासुद्धा! रंग ओला होता, बोटाला लागला. मिस्त्री म्हणाला, "पात्रांव (मालक), पॅकिंगमध्येच दबलेला आला, आवाजाला काय फरक पडत नाही." आणि मी मान डोलावली. ते बोट मी नंतर चिंधीला पुसलं, तेही आठवतं. जुना माल दाखव म्हटलं तर सकाळीच भंगारवाला घेऊन गेला, त्याचे ३०० रुपये मजुरीत वळते केले म्हणाला. मजुरी तर पावतीवर पूर्ण ३,००० च आहे.

जुना सुटा भाग तुमचा असतो. कामाला हात लावण्याआधी सांगा की सगळं गोणीत भरून गाडीत ठेव. नाही म्हणाला तर किल्ली परत घ्या.

‘एसएस ३०४’ (न गंजणारं स्टेनलेस स्टील) सांगून विकतात त्याची गोष्ट. चुंबक लावा. ३०४ ला जवळजवळ चिकटत नाही, वाकवलेल्या जागी फार तर किंचित ओढ लागते, त्यामुळे घट्ट चिकटला तर तो खोटं बोलतोय. पण कंपनीचा माल बहुधा ४०९ जातीचं स्टेनलेस किंवा अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेला साधा पत्रा असतो, त्याला चुंबक चिकटतोच. तेवढ्यावरून भांडू नका. साध्या चंदेरी रंगाची खूण वेगळी: पहिल्या तासाभरात धूर आणि उग्र वास येतो, आणि नंतर पापुद्रे सुटतात. माझे तिसऱ्या आठवड्यात सुटले.

कन्व्हर्टरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम आणि पॅलेडियम या महागड्या धातूंचा लेप. चोरीचं सगळं गणित त्या लेपात. डबा एका बाजूने कापायचा, जाळी ठोकून काढायची, परत वेल्डिंग मारायची. रबरी हातोडीने वाजवून बघा: भरलेला बद्द वाजतो, रिकामा घागरीसारखा घुमतो, आत तुकडे खुळखुळत असतील तर जाळी फुटलीय. कंपनीच्या डब्यावर पार्ट नंबर कोरलेला असतो. माझ्या डब्यावर नंबराच्या जागी ग्राइंडर फिरवला होता आणि कडेने ताज्या वेल्डिंगचा कंगोरा. तोही चंदेरी.

गंमत म्हणजे पीयूसी पास झालं. डिझेलच्या चाचणीत धुराचा काळेपणा मोजतात. कन्व्हर्टर मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन मारतो, काळेपणावर त्याचा फारसा परिणाम नाही. तेव्हा पीयूसी मिळालं म्हणून निर्धास्त राहू नका.

नंतर दुसऱ्या मिस्त्रीने उघडलं तेव्हा जोडण्यांत जुनीच गॅस्केटं (फट बुजवायच्या चकत्या) निघाली. गॅस्केट एकदा आवळलं की चेपतं, परत बसवलं की काजळी फुंकतंच. आणि २,४०० चं फ्लेक्झिबल? जागेवर साधा पाइप, वर जाळीचं वेष्टन गुंडाळलेलं. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, पाइप चासीला बांधलेला. मधला झटका फ्लेक्झिबल खातं. ते नसेल तर मॅनिफोल्डला (इंजिनातला धूर गोळा करून पाइपात सोडणाऱ्या भागाला) तडा जायला वेळ लागत नाही, आणि तो खर्च सायलेन्सरपेक्षा मोठा.

काम नीट कसं होतं ते उभं राहून बघा. मॅनिफोल्डच्या स्टडला आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवायचं, तरी सुटलं नाही तर गॅसने तापवायचं. जोर लावला की स्टड मोडतो, मग ड्रिल आणि टॅप. स्टड-नट नवेच. वेल्डिंगआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं, नाहीतर ईसीएम (इंजिनाचा संगणक) जाऊ शकतो. सगळी लाइन आधी सैल लटकवायची, डिझेल आणि ब्रेकच्या नळ्यांपासून अंतर बघायचं, मग इंजिनाकडून मागे आवळत जायचं. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर परत एकदा आवळायचं. गळती तपासायला थंड इंजिन चालू करून टेलपाइपवर जाड फडकं क्षणभर दाबा, फुसफुस कुठून येते ते कळतं. टेलपाइप बॉडीच्या कडेबाहेर आलाच पाहिजे, नाहीतर वायू केबिनमध्ये शिरतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता साहेब लोक. पोलीस ठाण्यात ऐकून घेतलं आणि "हा दिवाणी मामला" म्हणाले. मी म्हटलं, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, पूर्वीचं ४२०, फसवणुकीचंच आहे ना? "पावती आणा." दाखवली. "ही पावती नाही, हा अंदाज आहे." वाहतूक खात्यात गेलो तर गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाही, आणि वर, "पीयूसी आहे ना तुमच्याकडे? मग गाडीत खोट काय?" उलट रिकामा कन्व्हर्टर लावून फिरता म्हणून तुम्हीच अडचणीत याल, असंही सुनावलं. चोर मोकळा, मी अडचणीत! तिसऱ्या टेबलावर सांगितलं की गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नव्हे. साफ चूक. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही. मुदत दोन वर्षं. हे मला टेबलामागच्या माणसाने सांगायचं की मी त्याला? शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावून तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पुढे अजून काही नाही.

कच्च्या पावतीचा त्याच दिवशी फोटो काढा. अशा पावतीवरची अक्षरं पुसट होऊ शकतात. माझ्या पावतीवरचा ४,६३५ आता उन्हात धरल्याशिवाय दिसत नाही.

मफलर, डबा आणि तो गुंडाळलेला पाइप गोणीत बांधून पुरावा म्हणून एका कचेरीत नेला होता. शिपायाने दारातच अडवलं: फरशीला गंज लागेल, बाहेर ठेवा.