विंचेस्टर ९४, मार्लिन ३३६ की सॅव्हेज ९९? जुनी लिव्हर-अॅक्शन रायफल घेताना

अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी जुनी लिव्हर-अॅक्शन रायफल, म्हणजे चापाजवळचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायची रायफल, शोधायला निघालात, की ही तीन नावं हटकून पुढे येतात. नेम उघड्या माशीवरून धरणार की दुर्बिणीतून, हे आधी ठरवा. निम्मी निवड तिथेच होते.

विंचेस्टर ९४ ही जॉन ब्राउनिंगची रचना. १८९४ पासून सत्तर लाखांहून जास्त बनल्या, त्यामुळे निवडीला भरपूर वाव आहे. सडपातळ, वजन जेमतेम तीन किलो. दाट झाडीत दिवसभर हातात धरून चालायला हिच्यासारखी दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे. मात्र रिकामं काडतूस वरून बाहेर पडतं, म्हणून दुर्बीण नळीच्या बरोबर वर बसत नाही. १९८० च्या दशकात ते तिरपं बाहेर टाकणारी रचना आली. १९६४ मध्ये कंपनीने खर्च वाचवण्यासाठी काही भाग स्वस्तात बनवायला सुरुवात केली, म्हणून त्याआधीच्या रायफलींना चढा भाव मिळतो. संग्राहकाने तो जरूर द्यावा. शिकाऱ्याला मात्र नंतरची चांगली राखलेली रायफलही पुरते. फक्त १९६४ नंतरच्या बऱ्याच रायफलींच्या रिसीव्हरवर, म्हणजे यंत्रणा बसवलेल्या धातूच्या मधल्या भागावर, पुन्हा ब्ल्युइंग (गंज रोखणारा निळसर-काळा थर) नीट धरत नाही, हे लक्षात ठेवा.

दुर्बीण लावायची असेल तर मार्लिन ३३६ घ्या. १९४८ पासूनच्या या रायफलीचा माथा बंद आहे आणि काडतूस बाजूने पडतं. लिव्हरचा एक स्क्रू काढला की बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता भाग) निघतो आणि नळी मागून साफ करता येते. विंचेस्टर बहुधा तोंडाकडून साफ केली जाते. वर्षानुवर्षं सळई घासून तोंडाजवळच्या खाचा झिजतात आणि नेम बिघडतो. मार्लिनमध्ये हा धोका कमी. २००७ च्या अखेरीस रेमिंग्टनने कंपनी घेतली आणि सुरुवातीच्या काही वर्षांत जोडणीचा दर्जा घसरला. नळीवर जुन्या मार्लिन कंपनीचा ‘जेएम’ ठसा असलेल्या जुन्या रायफली म्हणूनच लोक शोधतात. हिचं ठरलेलं दुखणं म्हणजे लिव्हर घासून कॅरिअर (काडतूस उचलून नळीसमोर आणणारा भाग) झिजतो आणि दुसरं काडतूस त्याच्याखाली अडकतं.

सॅव्हेज ९९ वेगळ्याच घडणीची. बाहेर दिसणारा घोडा नाही, आणि बहुतेक जुन्या रायफलींत फिरतं मॅगझिन (काडतुसं साठवणारा भाग) आहे. विंचेस्टर-मार्लिनच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक असतात, गोळीचं टोक पुढच्याच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या कॅपला टेकतं. धक्क्याने ती पेटू नये म्हणून तिथे बोथट किंवा रबरासारख्या लवचीक टोकाची गोळी लागते. सॅव्हेजमध्ये टोकदार गोळी चालते, लांबच्या नेमाला ती सरस. मोकळ्या रानात मी हीच निवडेन. दस्त्याला टँगच्या (रिसीव्हरमधून दस्त्यात जाणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) मागे केसासारखी चीर गेलीय का, ते उजेडात धरून पाहा. ही तिची नेहमीची जागा. यंत्रणा गुंतागुंतीची, त्यामुळे जाणता गनस्मिथ (बंदूक दुरुस्त करणारा कारागीर) जवळ असावा.

कोणतीही रायफल हातात घेतली की आधी रिकामी असल्याची खात्री करा, मॅगझिनसकट. मग दिवा टाकून नळी बघा. काळपटपणा पुष्कळदा साफसफाईने जातो, गंजाचे खड्डे राहतात. नळीच्या तोंडाची कड ठोकर लागलेली नसावी. पुढचं लाकूड आणि पट्ट्या यांच्या फटींतही डोकवा, घामाचा ओलावा तिथे साचून गंज धरतो. लिव्हर बंद असताना बोल्ट ढिला वाटतो का? विंचेस्टर-मार्लिनचा घोडा अर्ध्यावर ठेवून चाप दाबा. तो सुटला तर रायफल परत द्या. नंतर दारू नसलेली, तपासणीसाठीची नकली काडतुसं भरून लिव्हर जोरात आणि हळू, दोन्ही रीतींनी चालवा. कॅरिअरची झीज इथेच उघडी पडते. स्क्रूंची डोकी ओरबाडलेली असतील तर कुणीतरी आत हात घातलाय. माथ्यावर मागाहून पाडलेली भोकं शिकारीला अडत नाहीत, पण संग्रहाची किंमत खाली आणतात, तेव्हा भावात ती धरा. पसंत पडलीच तर गोळी झाडण्याआधी गनस्मिथकडून गेज लावून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर, तपासून घ्या.

दुसऱ्या राज्यातल्या माणसाकडून घेत असाल तर ती परवानाधारक विक्रेत्यामार्फतच यावी लागते, बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३ भरून आणि पार्श्वभूमी तपासणी होऊन. १८९८ किंवा त्याआधी बनलेली रायफल संघराज्याच्या कायद्यात पुरातन धरली जाते. राज्यांचे नियम वेगळे, ते आधी बघून घ्या.