दार लागलं असतं तर अजून मजा आली असती

रविवारी ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडून वाशीला गेलो, एका हौशी ग्रुपने केन लुडविगचं 'लेंड मी अ टेनर' हे विनोदी नाटक लावलं होतं (टेनर म्हणजे ऑपेरात, त्या पाश्चात्य संगीत नाटकात, वरच्या पट्टीत गाणारा पुरुष), तिकीट 300. बायको म्हणे ऑपेरा म्हणजे दोन तास आरडाओरडा ना, म्हटलं अगं ऑपेरा नाही, त्याच्या मागचा गोंधळ आहे, आपल्या संशयकल्लोळची जातकुळी समज.

1934 सालचं अमेरिकेतलं क्लीव्हलँड. इटलीचा स्टार गायक टिटो मेरेली एका रात्रीच्या प्रयोगासाठी आलाय, झोपेच्या गोळ्या जरा जास्तच पोटात जातात, बायको चिडून चिठ्ठी ठेवून निघून जाते आणि ऑपेरा कंपनीचा मॅनेजर सॉन्डर्सला वाटतं ही आत्महत्येची चिठ्ठी, गडी गेला! मग त्याचा पडेल ते काम करणारा मॅक्स टिटो बनून स्टेजवर. तेवढ्यात टिटो उठतो, तोही कॉस्च्यूम चढवतो, झालं, एकसारखे दोन. मूळ नाटकात टिटो ऑथेल्लो हा ऑपेरा गाणार असतो, त्यातला नायक काळा, म्हणजे गोऱ्या नटांनी तोंडाला काळा रंग फासणं आलं, नंतर लुडविगनेच ते बदलून विदूषकाचा ऑपेरा 'पाल्याच्ची' घेतला. इथे तेच व्हर्जन, दोन पांढऱ्या तोंडाचे विदूषक. बरं झालं.

आता खरी गंमत. सेट म्हणजे हॉटेलच्या दोन खोल्या, दोन्ही एकदम दिसतात, मधे एक दार. असल्या नाटकात अर्धं काम दारंच करतात, एक आपटलं की दुसरं उघडायचं, अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला की हशा गेला. आणि यांचं मधलं दार लागतच नव्हतं! मॅक्सने आपटलं की ते शांतपणे परत उघडायचं आणि आत लपलेलं माणूस सगळ्या हॉलला दिसायचं. इंटरव्हलनंतर कोणीतरी पलीकडून धरून बसलं होतं, फळीच्या कडेला चार बोटं दिसत होती, त्यातल्या एकात अंगठी. आमची रांग नाटक सोडून ती अंगठीच बघत होती 😄

सॉन्डर्स झालेले काका मात्र कडक, चिठ्ठी वाचताना आवाजच चढवला नाही, नुसते मटकन खुर्चीत बसले, तिथे मी सगळ्यात जास्त हसलो. मॅक्सला गाणं जेमतेम, पण घाबरणं एक नंबर. टिटोची बायको उगाच ओरडत होती, इटालियन म्हणजे कायम ओरडायचंच असं कोणी सांगितलंय काय माहीत.

शेवटी अख्खं नाटक दोनेक मिनिटांत पळवत परत दाखवतात, संवाद नाहीत, नुसती धावपळ नि दारं. त्यात त्या दाराचं हँडलच मॅक्सच्या हातात आलं, पठ्ठ्याने ते हातात घेऊनच वाकून नमस्कार केला.