'दूध पचत नाही' म्हणून विकलेली टेस्ट आणि डेअरी-फ्री पावडरीत निघालेलं दूध

पुण्यात सिंहगड रोड, वारजे, कोथरूड या भागातल्या आयांच्या व्हॉट्सऍप ग्रुपवर मुलांच्या 'दूध पचतं का' टेस्टची आणि डेअरी-फ्री पावडरीची जाहिरात अजून फिरतेय, म्हणून हे सविस्तर लिहितेय. तक्रार चालू आहे त्यामुळे नाव लिहीत नाही, पण पद्धत नीट सांगते, म्हणजे तुमच्यासमोर आली की लगेच ओळखाल.

माझा मुलगा दोन वर्षांचा. पावसाळ्यात त्याला उलट्या-जुलाब झाले, ओआरएस आणि झिंकवर उलट्या थांबल्या पण शी पातळच राहिली, पोट फुगायचं, ढुंगण लालबुंद व्हायचं आणि दूध प्यायला की अर्ध्या-पाऊण तासात परत तेच. आमचे नेहमीचे डॉक्टर तेव्हा गावाला गेलेले. त्याच आठवड्यात कर्वे रोडवरच्या एका हॉलमध्ये लहान मुलांच्या खाण्यापिण्याचं प्रदर्शन होतं, तिथे एका स्टॉलवर 'मुलांचं मोफत गट (gut) चेकअप', म्हणजे आतड्याची तपासणी, असा बोर्ड होता आणि ऍप्रन घातलेली एक बाई बसली होती, कार्डावर 'सर्टिफाईड चाइल्ड न्यूट्रिशन कोच' लिहिलेलं. तिनं एक फॉर्म भरून घेतला. रात्री उठतो का, चिडचिड करतो का, जेवताना पळतो का, गॅस होतात का, एकाच जागी बसत नाही का. आता मला सांगा, दोन वर्षांच्या कुठल्या पोराची आई यातल्या निम्म्या प्रश्नांना तरी नाही म्हणेल? पण फॉर्मवर स्कोअर निघतो, लाल रंगात येतो, आणि मग ती आवाज खाली आणून म्हणते, "ताई, याच्या आतड्याला बारीक भोकं पडलीयेत, दूध थेट रक्तात जातंय, आत्ता नाही थांबवलं तर पुढे दमा, स्किन, ऑटिझमपर्यंत जातं." ऑटिझम हा शब्द तिनं अगदी सहज वापरला. आजारी पोर कडेवर असलेल्या आईला असलं काही सांगायचं आणि पुढच्याच वाक्यात पॅकेजचा रेट सांगायचा, याचा मला आजही प्रचंड राग येतो.

टेस्ट घरी येऊन करतात. बोटाला टोचून थोडं रक्त घेतलं, १४,५०० रुपये, आज पेमेंट केलं तर पहिलं कन्सल्टेशन फ्री. रिपोर्ट आला तो छापील, रंगीत, दोनशेच्या वर पदार्थ आणि प्रत्येकापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका. लाल काय काय तर गाईचं दूध, दही, गहू, अंडं, केळं, तूरडाळ. म्हणजे पोरगा रोज जे खातो नेमकं तेवढंच लाल आणि जे त्याने जन्मात खाल्लं नाही ते ऑयस्टर, ऍस्परॅगस वगैरे सगळं हिरवं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

सासूबाई पहिल्या दिवसापासून विरोधात होत्या, म्हणाल्या, "अगं, आजारातनं उठलेल्या पोराच्या तोंडचा दूधभात काढतेस, त्या बाईने त्याच्या पोटाला हात तरी लावून बघितला का?" कोचकडे यावर उत्तर तयार होतं, घरातले मोठे विरोध करणारच, त्यांच्याशी वाद घालू नका, फक्त माझ्या व्हॉईस नोट ऐकत जा. दूध, दही, ताक, तूप, पनीर, अंडं सगळं बंद आणि त्याऐवजी तिच्याकडची 'प्लांट बेस्ड डेअरी-फ्री टॉडलर मिल्क' पावडर, २,४०० रुपयांचं एक पाकीट, दिवसातून तीन वेळा कोमट पाण्यात. प्लॅन तीन महिन्यांचा.

आणि शी खरंच घट्ट झाली. दोनेक आठवड्यांत पोट फुगणं थांबलं, आम्हाला वाटलं सुटलो एकदाचे. तिनं आम्हाला न विचारता माझ्या मुलाचा फोटो स्टेटसला टाकला, 'डेअरी बंद आणि बाळ खूश'. तो फोटो बघून माझ्या ओळखीतल्या दोघीजणींनी तिच्याकडे पैसे भरले, हे मला नंतर कळलं.

पुढे वजनाचा प्रश्न आला. मुलगा हडकला नव्हता पण वाढतही नव्हता. सदाशिव पेठेतल्या आमच्या डॉक्टरांकडे रेग्युलर व्हिजिटला गेलो तर त्यांनी ग्रोथ चार्टवर ठिपका मांडला आणि आधीचा ठिपका दाखवला, रेघ आडवी झालेली. खायला काय देता विचारलं, मी सगळं सांगितलं, रिपोर्टची फाईल पुढे केली. त्यांनी रिपोर्ट शेवटच्या पानापासून वाचायला घेतला, तिथे अगदी बारीक अक्षरात छापलं होतं की ही टेस्ट ऍलर्जी किंवा कुठल्याही आजाराच्या निदानासाठी नाही. एवढ्या जाड रिपोर्टमधलं खरं वाक्य तेवढं एकच.

त्यांनी वेळ काढून समजावलं ते माझ्या शब्दात सांगते. ही टेस्ट आयजीजी अँटिबॉडीची आहे. आपण जो पदार्थ नेहमी खातो त्याच्याविरुद्ध शरीरात आयजीजी तयार होणं नॉर्मल आहे, पदार्थ ओळखीचा आहे एवढाच त्याचा अर्थ, म्हणून तर रोजचं खाणं लाल आणि ऑयस्टर हिरवा. युरोपातल्या ऍलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच लेखी सांगितलंय की फूड ऍलर्जी किंवा इनटॉलरन्स ठरवायला ही टेस्ट वापरू नका, कॅनडाच्या संघटनेनेही २०१२ मध्ये तेच सांगितलं. खऱ्या ऍलर्जीसाठी आयजीई नावाच्या दुसऱ्या अँटिबॉडीची टेस्ट वेगळी, स्किन प्रिक टेस्ट वेगळी, आणि त्यांचाही अर्थ मुलाला प्रत्यक्षात काय होतं ते विचारूनच लावायचा असतो.

दुसरं म्हणजे लॅक्टोज न पचणं आणि दुधाची ऍलर्जी या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि हे लोक मुद्दाम त्यांची सरमिसळ करतात. जुलाबात आतड्याचं अस्तर सोलवटतं, दुधातली साखर पचवणारं एन्झाइम तिथेच बनतं, ते काही दिवस कमी पडतं म्हणून दूध प्यायलं की पातळ शी होते आणि ती आंबट असल्याने त्वचा लाल होते. अस्तर भरून आलं की बहुतेक मुलांचं हे आपोआप जातं. म्हणजे माझा मुलगा त्याच्या त्याच्या वेळेला बरा होणारच होता, त्याचं श्रेय पावडरीने घेतलं. ऍलर्जी दुधातल्या प्रोटीनची असते. एका प्रकारात काही मिनिटांपासून दोनेक तासात गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, क्वचित श्वास अडकतो, दुसऱ्या प्रकारात शीतून रक्त वगैरे उशिरा दिसतं आणि त्याला तर रक्ताची टेस्टच नाही. तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन ते चार आठवडे दूध बंद करायचं आणि मग परत सुरू करून बघायचं. परत देऊन बघितल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही, आणि कोचच्या तीन महिन्यांच्या प्लॅनमध्ये नेमकं हेच कुठे नव्हतं. दूध परत दिलं आणि मुलाला काहीच झालं नाही तर पाकिटं कोण घेणार?

डॉक्टरांना सगळ्यात जास्त काळजी वाटली ती वेगळीच. आम्ही घरी अंड्यापलीकडे काही खात नाही. दूध-दही-ताक आणि अंडं एकदम काढलं की शाकाहारी मुलाच्या ताटात बी-१२ येणार कुठून? डाळीत नाही, भाजीत नाही, बदामात नाही. कॅल्शियमचं पण तेच, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या हिशोबाने एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम लागतं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास आहे, तिळात त्याच्या कितीतरी पट, पण दोन वर्षांचं पोर एका दिवसात किती नाचणी खाईल? गाईच्या दुधात १०० मिलीला तीन ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं, बाजारातल्या बहुतेक बदाम दुधात अर्धा-एक ग्रॅम. तांदळाच्या दुधात त्याहून कमी, आणि आर्सेनिकमुळे ब्रिटनमध्ये ते पाच वर्षांखालच्या मुलांना दुधाऐवजी देऊ नका असं सांगतात. अमेरिकेत तर दुधाऐवजी राईस ड्रिंकवर ठेवलेल्या एका लहान मुलाला क्वाशिओरकोर, म्हणजे प्रोटीनच्या अभावाने अंगावर सूज येणारं कुपोषण, झालेलं २००१ मध्ये मेडिकल जर्नलमध्ये छापून आलंय, तेही खात्यापित्या घरातलं मूल.

मग त्यांनी पाकीट मागितलं. मी नेलं नव्हतं, फोनवर फोटो दाखवला. त्यांनी विचारलं, यावर घटकांची यादी कुठेय, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, १४ आकडी नंबर कुठेय? पुढच्या बाजूला नुसतं हिरवं पान आणि 'प्लांट गुडनेस', मागे एक मोठा पांढरा स्टिकर, त्यावर पावडर कशी कालवायची ते. घरी येऊन नवऱ्याने त्या स्टिकरवर हेअर ड्रायर धरला, गोंद सुटला, खाली मूळ छापील लेबल निघालं. माल्टोडेक्स्ट्रिन, राईस फ्लोअर, साखर, व्हे पावडर, आल्मंड पावडर. आणि खाली ठळक अक्षरात 'कंटेन्स मिल्क'.

म्हणजे ज्या पोराला दूध विष आहे म्हणून सांगितलं त्याला त्या बाई रोज तीन वेळा दूधच पाजत होत्या, आणि वर 'डेअरी बंद केल्याने बरा झाला' म्हणून त्याचा फोटो मिरवत होत्या.

मी स्टिकरखालच्या लेबलचा फोटो तिच्या ग्रुपवर टाकला. थोड्याच वेळात फोटो डिलीट झाला आणि मला ग्रुपमधून काढलं, पण तेवढ्यात वारज्याच्या एका आईने बघितला होता. तिचा मला वेगळा मेसेज आला. तिच्या दीड वर्षाच्या मुलीला दुधाची खरी ऍलर्जी आहे, मोठ्या हॉस्पिटलमध्ये निदान झालेली, आणि तिनं ही पावडर केवळ 'डेअरी-फ्री' लिहिलंय म्हणून घेतली होती. पहिल्याच वाटीनंतर पोरीच्या अंगभर गांधी, ओठ सुजलेला, रात्री कॅज्युअल्टीला पळाले, आणि कोचने सांगितलं की सकाळी स्ट्रॉबेरी दिली होती ना, तिने झालं असणार. त्या माउलीने महिनाभर सगळी फळं बंद केली आणि पावडर परत द्यायच्या विचारात होती. मला माझ्या पैशांपेक्षा याचं जास्त वाटतं. माझ्या मुलाचं दोन ठिपक्यांचं वजन भरून निघेल, पण त्या पोरीचा श्वास अडकला असता तर?

कोचला फोन केला तेव्हा ती म्हणाली, व्हे म्हणजे दूध नाही, दुधातलं पाणी आहे, त्याने काही होत नाही. हे साफ खोटं आहे. व्हेमध्ये बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन असतं आणि दुधाची ऍलर्जी करणाऱ्या मुख्य प्रोटीनपैकी ते एक आहे. मग म्हणाली कन्सल्टेशनचे पैसे परत मिळत नाहीत, मग नंबर ब्लॉक केला.

आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिलीये, सोबत पाकीट, स्टिकर आणि पेमेंटच्या पावत्या. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर पण नोंदवली. तिथल्या माणसाने नीट ऐकून घेतलं आणि तक्रारीचा नंबर दिला. फूड सेफ्टी कनेक्ट ऍपवरूनही तक्रार करता येते. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांप्रमाणे पाकीटबंद पदार्थात दूध असेल तर तसं लिहावंच लागतं, ते झाकून विकणं हा साधासुधा विषय नाही.

ज्यांना मुलाचं दूध खरोखर बंद करायला डॉक्टरांनी सांगितलंय त्यांच्यासाठी आणखी थोडं. हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका, तो शाकाहारीचा आहे, दूध-तूप असलेल्या पदार्थावरही तोच असतो. व्हीगनचं चिन्ह वेगळं आहे, हिरव्या चौकटीत व्ही आणि त्यावर पान, २०२२ च्या नियमांपासूनचं. लेबलवर मिल्क सॉलिड्स, एसएमपी (स्किम्ड मिल्क पावडर), केसिन, केसिनेट, व्हे, बटरमिल्क पावडर यातलं काहीही असलं तरी ते दूधच. बेकरीतले टोस्ट, नानकटाई, खारी सुटी घेताना विचारून बघा, बऱ्याचदा विकणाऱ्यालाच माहीत नसतं, आणि 'असेल थोडंसं' म्हणाला तर घेऊ नका. कोणी म्हणालं बकरीचं चालेल किंवा देशी गाईचं ए२ चालेल, तर ऍलर्जीवाल्या मुलाला तेही नको, प्रोटीन इतकी सारखी असतात की बहुतेक मुलांना त्यानेही त्रास होतो. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर आईचं दूध नाहीतर डॉक्टरांनी लिहून दिलेला खास फॉर्म्युला, कुठलंही बदाम-नारळ-ओट दूध त्याची जागा घेत नाही. वर्षानंतर कॅल्शियम आणि बी-१२ घातलेलं सोया त्यातल्या त्यात जवळचं, तेही सोया चालतं का हे डॉक्टरांना विचारून. आणि दर काही महिन्यांनी दूध परत सुरू करायचं का हे विचारत राहा, कारण बरीच मुलं शाळेत जायच्या वयापर्यंत यातून बाहेर पडतात.

आमच्याकडे दही आधी सुरू केलं, मग दूध, काहीही झालं नाही. बी-१२ चं औषध चालू आहे, पुढच्या वजनाची वाट बघतोय. ती पाकिटं ज्यांच्याकडे अजून आहेत त्यांनी फेकू नका, बॅच नंबरचा फोटो काढा, स्टिकर सोडवून खालचं लेबल बघा आणि १९१५ वर तुमचीही तक्रार नोंदवा. वारज्याच्या आईने कालच नोंदवली.