फेब्रुवारीतल्या बाससाठी मेगाबास व्हिजन 110, घ्यावा का?

किंमत आधीच सांगून टाकतो, 25 डॉलरच्या आसपास, बास मासा पकडायच्या एका प्लास्टिकच्या नकली माशाला. बायको म्हणाली एवढ्यात सुरमईची पाकिटं आली असती, आणि चुकलं काय तिचं, कारण क्लिअर लेकचा मासा आम्ही घरी आणतच नाही. तिथे जुनी पाऱ्याची खाण आहे, कुठला मासा किती खावा यावर सरकारी सूचना आहेत, म्हणून फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा.

क्लिअर लेक म्हणजे कॅलिफोर्नियातला तलाव, सॅन फ्रान्सिस्कोहून वर अडीच-तीन तास. उन्हाळ्यात शेवाळाने हिरवागार होतो, तेव्हा हे नाव कोणी ठेवलं असं वाटतं, पण थंडी सरता सरता पाणी बऱ्यापैकी नितळ असतं आणि लेकपोर्ट गावाकडचा भाग तसा उथळच. मागच्या फेब्रुवारीत मित्राच्या बोटीतून गेलो तर पाणी 49 फॅरनहाइट, म्हणजे साडेनऊ डिग्री पण नाही. एवढ्या गारठ्यात बास सुस्त पडलेला असतो, पळणाऱ्या आमिषामागे धावायचे कष्ट तो घेत नाही, त्याला आयतं तोंडासमोर लागतं.

इथे हा जपानी जर्कबेट, म्हणजे झटके देऊन चालवायचं माशासारखं आमिष, कामाला येतो. 110 मिलिमीटर लांब, अर्धा औंस, आत सरकणारं वजन असल्यामुळे फेक लांब जाते, आणि नितळ पाण्यात ते हवंच कारण बोट जवळ आली की मासा बिथरतो. दांडीला दोन झटके द्यायचे आणि मग हात गप्प ठेवायचा. हे गप्प ठेवणंच सगळ्यात अवघड, लहानपणी नदीवर गांडूळ लावून तासभर बसायचो तो मी इथे दहा आकडे मोजताना कासावीस होतो! पण आमिष चार-पाच फुटांवर तसंच अधांतरी थांबतं, वर येत नाही, बुडत नाही. सात मोजले असतील, झटका वगैरे काही नाही, नुसती लाइन, म्हणजे गळाची दोरी, जड लागली, ओढली तर तीन पौंडाचा बास.

आधी मी याचीच एक स्वस्तातली नक्कल घेतली होती, नाव नाही घेत. घरी बादलीत मस्त थांबायची, तळ्यात मात्र शेपूट वर करून तरंगायला लागली. कारण साधं आहे, थंड पाणी जास्त घन, त्यामुळे तेच आमिष हलकं पडतं. गळाच्या दांड्याला शिशाची बारीक तार गुंडाळून कशीबशी चालवली. तसं 110 सुद्धा फार गार पाण्यात किंचित वर सरकू शकतो, तेव्हा बादलीत बर्फ टाकून आधी बघून घ्या.

लाइन 10 पौंडी (तेवढा ताण सोसणारी) फ्लुरोकार्बनचीच लावा, ती बुडते आणि पाण्यात कमी दिसते, ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, तरंगते आणि आमिषाला वर खेचते. रंग भडक नको, चंदेरी-पारदर्शक बरा. गढूळ पाण्यात जाणार असाल तर मात्र हे पैसे घालवू नका, तिथे माशाला तो दिसणारच नाही.

आणि पक्कड खिशातच ठेवा. तीन तिहेरी गळ, म्हणजे नऊ टोकं, त्यातली दोन माझ्या जॅकेटच्या बाहीत अडकली आणि बास मांडीवर फडफडतोय, मित्र हसतोय, पक्कड बोटीच्या दुसऱ्या टोकाला.