ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील श्वान प्रशिक्षण वर्ग: चार महिन्यांचा अनुभव

सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र ग्वाल्हेरजवळच टेकनपूरला असल्यामुळे इथल्या प्रशिक्षकांच्या बोलण्यात त्याचा उल्लेख हमखास येतो. शहराच्या लष्कर भागातील ज्या खासगी वर्गात आम्ही आमच्या लॅब्रॅडोर पिल्लाला, मोतीला, चार महिने नेले, तिथेही तो उल्लेख आला. शिकवण्याची पद्धत मात्र फौजी नव्हती. साधारण 3 ते 14 आठवड्यांच्या वयात पिल्लू जे निर्भयपणे अनुभवते, त्याची धास्ती त्याला पुढे सहसा वाटत नाही, हे ओळखून सुरुवातीचे दिवस आज्ञांऐवजी रिक्षांचे भोंगे, उघडणाऱ्या छत्र्या आणि अनोळखी माणसे यांची ओळख करून देण्यातच गेले. आज्ञा नंतर आल्या, आणि योग्य कृती होताच त्याच क्षणी खाऊ देण्यावर सारा भर राहिला, कारण जरा उशीर झाला तरी कुत्रा ते बक्षीस भलत्याच हालचालीशी जोडतो. घरी आम्ही मराठीत ‘बस’ म्हणत असू आणि शेजारी हिंदीत त्याला आवरण्यासाठी ‘बस, बस’ म्हणत. बिचारा मोती गोंधळला नसता तरच नवल. प्रशिक्षकांनी ही चूक पहिल्याच आठवड्यात पकडली.

कुत्र्यांच्या आज्ञापालन स्पर्धेच्या तयारीबाबत मात्र निराशा झाली. डाव्या पायालगत चालणे ठीक जमले. पण डंबेल (तोंडात धरून आणायची दांडी) आणून देणे आणि मालक दृष्टीआड असताना पडून राहणे यांसाठी वैयक्तिक सराव लागतो, आणि एका तुकडीत दहा कुत्री असल्यावर तो मिळत नाही. प्राथमिक वर्गासाठी पुन्हा तिथेच जाईन.