फिल्टर-पीएमटी की छोटा स्पेक्ट्रोमीटर: सादळलेल्या हवेतला हिशेब

वीज सोडून पेटवलेल्या वायूच्या, म्हणजे प्लाझ्माच्या, कडेचा प्रकाश मोजायचा आहे, पैसे एकाच वस्तूपुरते आहेत. आधी काय घ्यावं? एच-अल्फाचा, म्हणजे हायड्रोजनची लाल रेषा तेवढी आत सोडणारा, फिल्टर लावलेली पीएमटी (प्रकाशाचा वीजसिग्नल करणारी फोटोमल्टिप्लायर नळी), की फायबरने प्रकाश घेऊन सगळे रंग एकदम दाखवणारा छोटा स्पेक्ट्रोमीटर? दरवर्षी कुणी ना कुणी प्रोजेक्टवाला हे विचारतो. मी दोन्ही वापरलेत, रत्नागिरीजवळ खाडीकाठच्या एका कॉलेजात, बादलीएवढ्या स्टीलच्या चेंबरवर. आमचा ग्लो डिस्चार्ज (कमी दाबाच्या वायूत वीज सोडून आणलेली चमक) म्हणजे काही टोकामॅक, चुंबकांनी तप्त प्लाझ्मा कोंडणारं मोठं यंत्र, नव्हे; पण भिंतीतून काय बाहेर पडतंय, हा प्रश्न दोन्हीकडे तोच.

वेगात पीएमटीला तोड नाही. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतल्या आदित्य या टोकामॅकचा (मूळ १९८९चा, २०१६मध्ये नव्याने बांधलेला) शॉट, म्हणजे प्लाझ्मा पेटवण्याचा एक प्रयोग, काही शे मिलीसेकंदांत आटोपतो. त्यात कडेला जे उसळतं ते मायक्रोसेकंदांतलं. छोट्या स्पेक्ट्रोमीटरला ते सगळं एकत्र कालवलेलं दिसतं. शिवाय उजेडावरून अणूंचा ओघ काढायचा, म्हणजे एका फोटॉनमागे किती आयनीभवनं तो गुणक लावायचा, तर कॅलिब्रेशन एकाच आकड्याचं असलेलं बरं. स्पेक्ट्रोमीटरचा फायबर काढून परत लावला की माझे आकडे दर वेळी थोडे हलतात.

फिल्टरचेही नखरे आहेत. एच-अल्फा ६५६.३ नॅनोमीटरला, आणि शेजारीच ६५७.८ व ६५८.३ ला आयनित कार्बनच्या रेषा. म्हणून एक नॅनोमीटर रुंदीचा घ्यावा, तर प्रकाश दहा अंश तिरका आला की फिल्टरचा पट्टा दोन-अडीच नॅनोमीटर निळ्याकडे सरकतो आणि आपली रेषाच निसटते. पुढे लेन्स लावून किरण सरळ केले की भागतं. पावसाळ्यात पीएमटीच्या सॉकेटवर नऊशे व्होल्ट दमट हवेतून झिरपतात, सिग्नल फुसफुसतो. पीएमटी बंद असताना पेटीत चाळीस वॉटचा बल्ब लावून ठेवला की तेही भागतं.

भागलं नाही ते वेगळंच. एका आषाढात कॅथोड बदलायला चेंबर उघडला आणि नेमकी लाइट गेली. अर्धा दिवस झाकण उघडंच. पुन्हा पंप लावून डिस्चार्ज पेटवला तर एच-अल्फा जवळपास दीडपट. मुलं म्हणाली, सर, हायड्रोजन जास्त जातोय. आम्ही गॅस आत सोडणारा नीडल व्हॉल्व्ह खोलला, नळ्या बदलल्या, ओ-रिंगला ग्रीस लावलं. आठ दिवस गेले. पीएमटी आपली इमानाने आकडा देत होती, तोच दीडपट.

शेवटी एका मित्राचा स्पेक्ट्रोमीटर दोन दिवसांच्या बोलीवर आणला. पहिल्याच फ्रेममध्ये ३०९ नॅनोमीटरला ओएचची (पाण्याचा रेणू तुटून उरलेल्या तुकड्याची) पट्टी आणि ७७७ला ऑक्सिजन. पाणी! डब्याबाहेर राहिलेला पापड सादळतो तशी स्टीलची भिंत सादळली होती, आणि तो हायड्रोजन सिलिंडरमधला नव्हे, पावसातला होता. हीटिंग टेप गुंडाळून चेंबर तापवला, तीनेक तास आर्गॉनचा डिस्चार्ज चालवला, पट्टी मावळली. टोकामॅकवालेही शॉटआधी भिंत तापवून, ग्लो डिस्चार्जने धुऊन घेतात, ते उगाच नाही.

३०९चा फिल्टर घेतला असता तर पीएमटीलाही पाणी दिसलं असतं, हे खरं. पण त्यासाठी आधी पाण्याचा संशय यायला हवा ना?

मोठ्या यंत्रावर, कडेच्या उसळ्याच अभ्यासायच्या असतील तर माझं ऐकू नका, पीएमटीच घ्या. हायड्रोजन आणि ड्युटेरियम (जड हायड्रोजन) वेगळे करायचे असतील तर दोन्ही निरुपयोगी, त्यांच्या रेषांतला ०.१८ नॅनोमीटरचा फरक दाखवायला बराच मोठा स्पेक्ट्रोमीटर लागतो. बाकी ज्यांना आपल्या चेंबरमध्ये नक्की काय आहे याची खात्री नाही (कोकणात ती जून ते सप्टेंबर कुणालाच नसावी), त्यांनी माझ्या मते छोटा स्पेक्ट्रोमीटर आधी घ्यावा. चेंबरची खिडकी तेवढी क्वार्ट्झची बसवा, साध्या काचेतून ३०९ची पट्टी धड दिसत नाही.

माझा फिल्टर आता बिस्किटांच्या डब्यात असतो, सिलिका जेलच्या पुडीसोबत. पुडी मे अखेरीस भाजून निळी करून ठेवतो. गणपतीपर्यंत ती गुलाबी झालेली असते.