सकाळची पहिली वीस मिनिटं: छापील पानं की ताटल्या?

जून उजाडला की सांगलीतल्या झेरॉक्सच्या दुकानांत बालवाडीच्या ताई दिसायला लागतात. पेनड्राइव्हमध्ये पानं भरलेली असतात: चित्र रंगवा, ठिपके जोडा, अक्षर गिरवा. मुलं आल्या आल्या हातात द्यायला. यंदा मोठा गट पहिल्यांदाच घेणाऱ्या एका मैत्रिणीनं मला विचारलं, "महिन्याभराची पानं एकदमच काढून ठेवू का गं?" मी सांगलीच्याच विश्रामबाग भागात पाच-सहा वर्षांच्या मुलांचा वर्ग घेते आणि दोन्ही प्रकार पुरेसे करून पाहिलेत. तिला म्हटलं, थांब. पहिले तीन आठवडे ताटल्या मांड, चौथ्या आठवड्यापासून आठवड्यातून दोन दिवस पान दे. फक्त नावाचं पान पहिल्या दिवसापासून हवं.

ताटल्या म्हणजे खरोखरच स्टीलच्या ताटल्या. एकीत चिंचोके आणि दोन वाट्या, एकीत रव्यावर बोटानं रेघोट्या, एकीत दोरी आणि मोठे मणी, एकीत कपडे वाळत घालायचे चिमटे आणि पुठ्ठ्याचा गोल. दोन मुलांत एक ताटली.

तुलना करायची तर ती वीस मिनिटं कशासाठी असतात, हे आधी पाहायला हवं. पहिल्या आठवड्यात दारात काय चालतं ते आठवा. कुणी आईची ओढणी सोडत नाही, कुणाच्या दप्तराची चेन अडकलेली, एकाची छत्री मिटत नाही. मुलं एकदम येत नाहीत, पंधरा-वीस मिनिटांत एकेक करून येतात. त्या वेळात तुमचे दोन्ही हात दाराशी हवेत. म्हणून सकाळचं काम मुलाला न सांगता सुरू करता आलं पाहिजे आणि मधेच सोडता आलं पाहिजे. छापील पान इथंच मार खातं. "ताई, ह्यात काय करायचं?" हा प्रश्न पंचवीस वेळा येतो. हाताचं चपळ मूल चार मिनिटांत "झालं!" म्हणून उभं राहतं आणि उशिरा आलेल्याचं अर्धंही होत नाही. चिंचोक्यांना "झालं" नसतं. एका वाटीतून दुसरीत, मग ओळीत, मग गोल करून.

मागच्या वर्षी एक मुलगी चार दिवस दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. पाचव्या दिवशी तिथूनच रव्याच्या ताटलीकडं बघत होती. मी काही बोलले नाही, ताटली फक्त हातभर दाराकडं सरकवली. तिनं आधी एक बोट टेकवलं, मग बसली. पान दिलं असतं तर तिला ते हातात घ्यावं लागलं असतं, आणि त्या दिवसांत ती कुणाच्या हातून काहीच घेत नव्हती.

हाताचाही विचार करा. मनगटातली आठ लहान हाडं जन्मतः कूर्चाच असतात. ती एकेक करून टणक होत जातात आणि शेवटचं हाड टणक व्हायला दहाव्या वर्षाच्या आसपासचं वय येतं. असा हात चिमटा दाबून, मणी ओवून, माती मळून तयार होतो. आधीच बारीक रेघांवर गिरवायला बसवलं की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, आणि ती पकड पुढं मोडता मोडत नाही. २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही ३ ते ८ वयासाठी खेळातून शिकण्यावर उभा आहे. आपल्याकडं हे नवं नाही. पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला १९४५ पासून बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आजूबाजूला मिळेल त्यातूनच साधनं उभी केली होती.

खर्चाचं थोडक्यात. आमच्याकडं झेरॉक्सचं पान दोन रुपयांना पडतं. २५ मुलं, २२ दिवस, म्हणजे ५५० पानं आणि ११०० रुपये, दर महिन्याला. ताटल्या-वाट्या घरोघरून गोळा झाल्या, चिंचोके उन्हाळ्यात आज्यांनी जमवून दिले, मणी आणि चिमटे तेवढे विकत आणले. २०१९ च्या महापुरात, तेव्हा वर्ग नदीकाठच्या जुन्या वस्तीत, गावभागात होता, मुलांच्या पानांच्या फायलींचा लगदा झाला. ताटल्या गरम पाण्यानं घासून पुन्हा मांडल्या.

आता ताटल्यांचा त्रास. पसारा होतो, रवा सतरंजीत शिरतो आणि आवरायला रोज दहा मिनिटं जातात. मदतनीस नसेल तर आवरण्याचं गाणं ठरवून मुलांकडूनच आवरून घ्यावं लागतं. वर्गात छोट्या गटातली भावंडं येत असतील तर चिंचोके आणि लहान मणी अजिबात नकोत. नाकात गेलेला चिंचोका म्हणजे थेट दवाखाना. त्यांच्यासाठी मोठी झाकणं आणि लाकडी ठोकळे.

आणि काही मुलांना पानच हवं असतं. गडबडीत बावरणारं मूल आपलं पान घेऊन कोपऱ्यात शांत होतं. अशांसाठी पाच-सहा पानं लॅमिनेट करून ठेवा, स्केचपेननं लिहायची आणि ओल्या फडक्यानं पुसायची. पट चाळीसचा, ताई एकटी आणि कपाटही नाही, असं असेल तर मी पानांना नाही म्हणणार नाही. मात्र एकच पान आठवडाभर ठेवा, म्हणजे सूचना एकदाच द्यावी लागते.

पानं निवडताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. इंटरनेटवरची बरीच तयार पानं हिंदीसाठी केलेली असतात. त्यात दांडीचा, म्हणजे शेवटी उभी रेघ असलेला ल असतो, आपण शिकवतो पाकळीचा, दोन पाकळ्यांसारख्या गोलाईचा. शचंही तसंच, आपल्याला तो देठाचा हवा. "लता" किंवा "शुभम" नावाच्या मुलाला पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या नावातलं अक्षर वेगळं दिसलं तर ते गोंधळतं. नावाचं पान म्हणूनच हातानं लिहून झेरॉक्स काढा: वर फोटोची जागा, खाली ठसठशीत नाव, त्यावर मुलानं चिंचोके मांडायचे. गिरवायचं नाही, महिनाभर तरी.

चौथ्या आठवड्याच्या आगेमागे आषाढातला बेंदूर, आपल्याकडचा बैलांचा सण, येतो. बैल करायला कुंभाराकडून माती आणली की तीच आठवडाभर सकाळच्या ताटलीत ठेवा. त्यानंतर पान दिलं की रंगाचा खडू किती सैल हाती फिरतो, ते तुम्हालाच दिसेल.

राहिले पालक. "आज काय लिहिलं?" हा प्रश्न येणारच, आणि त्यात काही चूक नाही, त्यांना पोराची काळजी आहे. जूनच्या पालकसभेत भाषण न करता आम्ही त्यांनाच ताटल्यांपुढं बसवतो. उजव्या हातानं लिहिणाऱ्यांनी डाव्या हातानं बारीक मणी ओवायचे, पाच मिनिटं. एका वडिलांनी तिसऱ्या मण्याला हात झटकला आणि शेजारच्यांना म्हणाले, "दुखतंय की राव." पुढच्या सोमवारी तेच घरून चिंचोक्यांची पिशवी घेऊन आले.